कोरी जागा आणि शून्य
दूरस्थ पर्जन्यमापक व त्याचा मोडेम यांविषयी एक पूरक पाठ

(इयत्ता ६ वी व ७ वी : सामान्य विज्ञान, भूगोल व गणित)

पाठाचा हेतू

पावसाची मोजणी करणारे स्वयंचलित यंत्र आपले आकडे मोबाईलच्या जाळ्यातून दूरच्या कार्यालयास कसे कळविते, हे विद्यार्थ्यांस समजावे. असे यंत्र बसविताना कोणत्या गोष्टी कोणत्या क्रमाने तपासावयाच्या, हे शिक्षकांस ठाऊक व्हावे. आणि ‘पाऊस पडला नाही’ व ‘पावसाचा आकडा आला नाही’ ही दोन विधाने एक नव्हेत, हे दोघांच्याही मनावर ठसावे, असा या पाठाचा त्रिविध हेतू आहे. तिसरा हेतू दिसावयास लहान, परंतु तोच मुख्य समजावा.

प्रास्ताविक

दि. २६ जुलै २००५ रोजी सकाळी ८.३० वाजल्यापासून दुसऱ्या दिवशीच्या ८.३० पर्यंत मुंबईत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच २४ तासांत कुलाबा येथे सुमारे ७३ मिलिमीटर पाऊस पडला. दोन ठिकाणांमधील अंतर पंचवीस किलोमीटरांच्या आसपास. एकाच शहराच्या एका टोकास जलप्रलय आणि दुसऱ्या टोकास श्रावणातल्यासारखी सर, असा तो दिवस होता. एखाद्या विस्तीर्ण प्रदेशाचा पाऊस एकदोन ठिकाणच्या पात्रांवरून ओळखता येत नाही, ही गोष्ट त्या दिवसाने सर्वांस शिकविली. पुढे डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने पर्जन्यमापनाचे दाट जाळे उभारण्यावर भर दिला, आणि मुंबई महानगरपालिकेने २००६ मध्ये आपल्या हद्दीत पस्तीस स्वयंचलित केंद्रे बसविली. त्यांची नोंद दर पंधरा मिनिटांनी होऊ लागली.

ठाणे जिल्ह्यास या विषयाचे महत्त्व अधिकच आहे. उल्हास नदी सह्याद्रीच्या माथ्याखाली उगम पावून कर्जत, नेरळ, वांगणी व बदलापूर यांवरून कल्याणकडे येते. कल्याणच्या परिसरात काळू व भातसा यांचे पाणी तिला मिळते. अंबरनाथ व उल्हासनगर यांमधून येणारी वालधुनीही कल्याणच्याच खाडीस मिळते. म्हणून कल्याणच्या सखल भागात पाणी किती चढेल, हे कल्याणच्या आकाशाकडे पाहून कळत नाही. घाटाखाली व डोंगरात किती पाऊस पडला, हे वेळेवर कळावे लागते. दि. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुराने महालक्ष्मी एक्स्प्रेस ही आगगाडी वेढली गेली आणि सुमारे एक हजार पन्नास प्रवाशांस बोटींच्या साहाय्याने बाहेर काढावे लागले. वरच्या खोऱ्यातील पावसाचा आकडा खालच्या लोकांस किती मोलाचा असतो, हे या एका प्रसंगावरून विद्यार्थ्यांस सांगता येईल.

पर्जन्यमापन आपल्या देशास नवे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारापाशी पाऊस मोजण्याचे कुंड ठेवण्याचा उल्लेख आहे. नवीन आहे ती वार्ता पोहोचविण्याची रीत. कुंडातील पाणी पाहून लिहिलेला आकडा तालुक्याच्या ठिकाणी पोहोचण्यास पूर्वी एक दिवस लागे. आज तो काही सेकंदांत पोहोचतो. राज्याच्या कृषी विभागाच्या महावेध प्रकल्पाखाली २०१७ पासून महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली व त्यांची संख्या दोन हजारांवर गेली. या आकड्यांवर हवामानाधारित फळपीक विम्यासारखे निर्णयही अवलंबून असतात. सारांश, यंत्राचा आकडा चुकला तर पुराची सूचना चुकते, तसाच शेतकऱ्याच्या हक्काचा पैसाही चुकू शकतो.

यंत्राची अंगे

दूरस्थ पर्जन्यमापकाची मुख्य अंगे चार. शिक्षकांनी ती फळ्यावर एका ओळीत काढावीत, कारण आकडा त्याच क्रमाने प्रवास करतो.

पहिले अंग म्हणजे उलटणारे पात्र. नरसाळ्यातून आलेले पाणी पाळण्यासारख्या, दोन कप्प्यांच्या लहान पात्रात पडते. एक कप्पा ठराविक प्रमाणात भरला की तो खाली कलंडून रिकामा होतो व दुसरा कप्पा वर येतो. प्रत्येक कलंडण्यासरशी एक लोहचुंबक एका स्विचवरून सरकतो व विजेचा एक ठोका उमटतो. यंत्राच्या रचनेप्रमाणे एक ठोका म्हणजे ०.२ किंवा ०.५ मिलिमीटर पाऊस.

दुसरे अंग म्हणजे नोंदयंत्र, ज्यास डेटा लॉगर म्हणतात. हे ठोके मोजते, घड्याळाप्रमाणे वेळ लिहिते व आकडा आपल्या स्मृतीत साठविते. यास यंत्राचा कारकून म्हणावे.

तिसरे अंग म्हणजे मोडेम. मॉड्युलेटर व डीमॉड्युलेटर या दोन शब्दांचे तुकडे जोडून हा शब्द बनला. आकड्यांना लहरींवर चढविणे आणि आलेल्या लहरींतून आकडे उतरवून घेणे, ही त्याची दोन कामे. यात सिम कार्ड असते व तो जवळच्या मोबाईल टॉवरशी बोलतो. कारकुनाने लिहिलेले पत्र नेणारा हा निरोप्या होय. पत्रात काय लिहिले आहे, हे तो पाहत नाही.

चौथे अंग म्हणजे वीज देणारी बॅटरी व तिला भरणारे सोलर पॅनेल. हे अंग कोणाच्या लक्षात राहत नाही, परंतु निरोप थांबण्याची कारणे शोधताना पहिली शंका याच्यावर घ्यावी.

मोडेम बसविण्याची रीत

शाळेच्या आवारात असे यंत्र बसविण्याचा प्रसंग येतो. काम तंत्रज्ञ करतो. तरी त्याच्या सोबत उभे राहणाऱ्या शिक्षकास पुढील क्रम ठाऊक असावा.

१. जागा. नरसाळे मोकळ्या आकाशाखाली असावे. झाड किंवा भिंत जितकी उंच, तिच्या दुप्पट अंतरावर ते असणे इष्ट.

२. जाळ्याची निवड. सिम कार्ड विकत घेण्यापूर्वी त्या जागी कोणत्या कंपनीची रेंज मिळते, हे पाहावे. गावच्या चौकात मिळते म्हणून शाळेमागे मिळेल असे नाही. मोडेम कोणत्या पिढीचा आहे, हेही पाहावे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या जिओच्या जाळ्यात २-जी सेवा मुळातच नाही. म्हणून केवळ २-जी जाणणाऱ्या मोडेममध्ये ते कार्ड घातल्यास मोडेम कितीही वेळ टॉवर शोधत राहील. एअरटेलने आपली ३-जी सेवा बंद केली आहे. तेथे जुना ३-जी मोडेम २-जीवर उतरतो. नवे यंत्र घेताना ४-जी जाणणारा मोडेम घ्यावा.

३. सिम कार्ड. यंत्रांसाठी कंपन्या निराळी कार्डे देतात व त्यांचे क्रमांक तेरा अंकी असतात. कार्डावरील पिन-कुलूप काढून टाकावे. नाहीतर वीज जाऊन परत आली की मोडेम पिन मागतो व डोंगरावर ती देण्यास कोणी नसते.

४. प्रवेशद्वाराचे नाव. टॉवर भेटला म्हणजे इंटरनेट मिळाले असे नव्हे. कंपनीच्या ज्या दारातून आकडे बाहेर जावयाचे, त्या दाराचे नाव मोडेमला सांगावे लागते. यास एपीएन म्हणतात. त्यातील एक अक्षर चुकले तरी मोडेम टॉवरशी जोडलेला दिसतो, पण आकडा एकही जात नाही.

५. पत्ता. आकडे कोणत्या संगणकास पोहोचवावयाचे, त्याचा पत्ता व पोर्ट क्रमांक नोंदयंत्रात घालावा. मोबाईलच्या जाळ्यात मोडेमला बहुधा असा कायमचा पत्ता मिळत नाही की ज्यावर कार्यालयास बाहेरून हाक मारता येईल. म्हणून हाक नेहमी यंत्राने घालावी आणि कार्यालयाने ओ द्यावी, अशीच योजना करतात.

६. अँटेना. लोखंडी पेटीच्या आत अँटेना ठेवणे म्हणजे हंड्यात तोंड घालून बोलणे होय. अँटेना पेटीबाहेर, उभी व शक्य तितकी उंच असावी. तिची तार आखूड असावी. रेंज मोजण्यासाठी मोडेमला एक आज्ञा देता येते व तो ० ते ३१ मधील अंक सांगतो. त्या अंकाची दुप्पट करून ११३ वजा केल्यास लहरींचे बळ डीबीएम या मापात मिळते. अंक २० आल्यास बळ उणे ७३, म्हणजे चांगले; अंक ५ आल्यास उणे १०३, म्हणजे क्षीण. रेंज मुळीच कळत नसेल तर मोडेम ० न सांगता ९९ सांगतो. ० म्हणजे ‘मोजले, पण अत्यल्प’. ९९ म्हणजे ‘ठाऊक नाही’. मोडेम बनविणाऱ्यांनी या दोहोंत घोटाळा होऊ दिला नाही, ही गोष्ट शिक्षकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचाच उपयोग आहे.

७. वीज. मोडेम स्वस्थ असताना थोडी वीज घेतो. परंतु २-जीवर बोलताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत ओढतो. बॅटरी जुनी किंवा तार बारीक असल्यास त्या क्षणी दाब घसरतो व मोडेम बंद पडून पुन्हा सुरू होतो. स्वस्थ असताना ठीक व बोलावयास लागताच मूर्च्छित, असे लक्षण दिसल्यास दोष रेंजचा नसून विजेचा समजावा.

८. घड्याळ. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी ८.३० ला संपतो, कारण त्या वेळी जागतिक प्रमाणवेळ बरोबर ३.०० असते. नोंदयंत्राचे घड्याळ भारतीय वेळेवर आहे की जागतिक, हे एकदाच ठरवून लिहून ठेवावे. साडेपाच तासांची चूक झाली, तर सोमवारचा पाऊस मंगळवारच्या खात्यावर पडतो.

९. पोच. शेवटी सर्वांत महत्त्वाचे. आकडा पाठविल्यावर कार्यालयाकडून ‘मिळाला’ अशी पोच येईपर्यंत नोंदयंत्राने तो पुसू नये. पोच न आल्यास तो राखून ठेवावा व जोडणी होताच मूळ वेळेसह पुन्हा पाठवावा. काम झाले, असे म्हणण्यापूर्वी अँटेना मुद्दाम तासभर काढून ठेवावी, नरसाळ्यात मोजून पाणी ओतावे, अँटेना परत लावावी, आणि मधल्या तासाचे आकडे कार्यालयात पोहोचले की नाहीत हे विचारावे. ही परीक्षा उतरल्याशिवाय तंत्रज्ञास निरोप देऊ नये.

कोरी जागा म्हणजे शून्य नव्हे

आता मुख्य मुद्दा. कार्यालयातील तक्त्यात एखाद्या दिवसापुढे आकडा आला नाही, तर तेथे काय लिहावे? घाईत कोणी ० लिहितो. संगणकाची योजना निष्काळजीपणे केलेली असेल तर तोही कोऱ्या जागेची बेरीज ० म्हणून करतो. येथेच अनर्थ होतो.

कोऱ्या जागा कोणत्याही दिवशी सारख्याच पडत्या, तर नुकसान थोडे होते. परंतु तसे होत नाही. संततधार लागली म्हणजे सूर्य दिसत नाही व बॅटरी भरत नाही. वादळात वीजपुरवठा खंडित होऊन टॉवर बंद पडतात. पेटीत पाणी शिरते. म्हणजे निरोप बंद होण्याचा संभव नेमका अतिवृष्टीच्या दिवशी अधिक असतो. अशा दिवशी ० लिहिणे म्हणजे सर्वांत अधिक पावसाच्या दिवसास सर्वांत कोरडा दिवस ठरविणे होय.

एक काल्पनिक उदाहरण घ्यावे. एका केंद्राचे सात दिवसांचे आकडे मिलिमीटरांत असे आले : ४२, ६५, १८, कोरे, कोरे, ५१, २४. आलेल्या आकड्यांची बेरीज २००. कोऱ्या जागी ० धरल्यास आठवड्याचा पाऊस २०० ठरतो. योग्य विधान असे : ‘पाच दिवसांत २०० मिलिमीटर, दोन दिवसांची नोंद उपलब्ध नाही.’ शेजारच्या शाळेतील साध्या पर्जन्यमापकात त्या दोन दिवशी १३० व १६० मोजले गेले असतील, तर खरा पाऊस ४९० च्या जवळपास जातो. ० लिहिणाराने निम्म्याहून अधिक पाऊस पुसून टाकला, आणि तोही पुराचा.

याची दुसरी बाजूही सांगावी. कधी निरोप अगदी वेळेवर येतो, त्यात ० असते, आणि बाहेर मात्र पाऊस कोसळत असतो. नरसाळ्यात पाने अडकली, मुंग्यांनी वारूळ केले किंवा कोळ्याने जाळे विणले, तर पाणी पात्रापर्यंत पोहोचतच नाही. मोडेम निर्दोष, बॅटरी निर्दोष, आणि आकडा खोटा. कोरी जागा निदान आपले अज्ञान कबूल करते. हे खोटे शून्य तेही करीत नाही. ते ओळखण्यास माणसाचीच दृष्टी लागते.

वर्गातील प्रात्यक्षिक

साहित्य : वाटीभर चिंचोके, एक वाटी, कागदाचे कपटे, खडू.

पाच विद्यार्थ्यांस पात्र, नोंदयंत्र, मोडेम, टॉवर व कार्यालय अशी नावे द्यावीत. कार्यालय फळ्यापाशी उभे राहील. टॉवर वर्गाच्या दारात. शिक्षकांनी वाटीत काही चिंचोके टाकावेत. पात्राने ते मोजून दर चिंचोक्यास एक टाळी वाजवावी. नोंदयंत्राने टाळ्या मोजून कपट्यावर अनुक्रमांक, वेळ व आकडा लिहावा आणि एक प्रत स्वतःपाशी ठेवावी. मोडेमने कपटा टॉवरकडे व टॉवरने कार्यालयाकडे न्यावा. कार्यालयाने आकडा फळ्यावर लिहून ‘पोचला’ म्हणावे. ही पोच टॉवर व मोडेम यांच्याकरवी परत आल्यावरच नोंदयंत्राने आपली प्रत खूण करून बाजूस ठेवावी.

पहिली फेरी सुरळीत चालू द्यावी. दुसऱ्या फेरीत टॉवरने खाली बसावे. फळ्यावर जागा रिकामी राहील. ‘येथे काय लिहू?’ असे कार्यालयाने वर्गास विचारावे. अनेक मुले ‘शून्य’ म्हणतील. त्यांस न अडविता वाटीतले चिंचोके उचलून दाखवावेत. मग टॉवर उभा करावा व राहिलेला कपटा मूळ वेळेसह पोहोचू द्यावा. तिसऱ्या फेरीत वाटीवर वडाचे पान ठेवून चिंचोके पानावर टाकावेत. टाळी वाजणार नाही, ० चा कपटा रीतसर जाईल. या फेरीतील चूक कोणाची, यावर वर्गात चर्चा घडवावी. मोडेमला दोष देणाऱ्या मुलास ‘निरोप्याने निरोप बदलला काय?’ एवढाच प्रश्न विचारावा.

गणिते

१. एका केंद्रात एक ठोका ०.५ मिलिमीटरचा आहे. एका तासात ९६ ठोके पडले. पाऊस किती? (उत्तर : ४८ मिलिमीटर)

२. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. ४८ मिलिमीटर पावसात ६० चौरस मीटर छपरावर किती पाणी पडले? (उत्तर : २,८८० लिटर)

३. एक निरोप ६० अक्षरांचा असून दर १५ मिनिटांनी जातो. दिवसाची व ३० दिवसांची अक्षरे किती? (उत्तर : ५,७६०, १,७२,८००) जाळ्यातील पत्ते, पोच इत्यादींमुळे प्रत्यक्ष खर्च याच्या काही पट होतो, तरीही तो एका छायाचित्राहून फारसा मोठा नसतो, हे मुलांस सांगावे.

४. नोंदयंत्र व मोडेम मिळून सरासरी ०.०५ अँपिअर घेतात. २४ तासांत किती अँपिअर-तास लागतील? ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीतील अर्धाच साठा वापरावयाचा असल्यास सूर्याविना यंत्र किती दिवस चालेल? १८ अँपिअर-तासांची बॅटरी घेतल्यास? (उत्तर : १.२, सुमारे तीन दिवस, साडेसात दिवस) आषाढातील झडीचा विचार करून यांपैकी कोणती बॅटरी घ्यावी?

स्वाध्याय

१. मोडेमने सांगितलेला ० व ९९ यांत काय फरक आहे?
२. सिम कार्डाचे पिन-कुलूप का काढावे?
३. कल्याणच्या लोकांस कर्जतचा पाऊस का कळावा लागतो? नकाशाच्या साहाय्याने उत्तर लिहा.
४. यंत्र सुरू, निरोप सुरू, तरी आकडा खोटा, असे कधी होते?

शिक्षकांसाठी सूचना

प्रत्येक शाळेने एक साधा पर्जन्यमापक ठेवावा. सरळ भिंतीची व सपाट बुडाची बरणी उघड्यावर पक्की बसवून तिच्यातील पाण्याची उंची पट्टीने मोजली, तरी शाळेपुरते काम भागते. नोंद रोज सकाळी ८.३० वाजता व्हावी. शाळा दुपारची असल्यास किंवा सुटीच्या दिवशी जवळ राहणाऱ्या विद्यार्थ्यांकडे पाळी द्यावी. वहीत पाऊस पडला नसेल तर ० लिहावा. मोजणी झाली नसेल तर आडवी रेघ ओढून शेजारी कारण लिहावे. ‘पट्टी सापडली नाही’ हेही प्रामाणिक कारण आहे. मागाहून अंदाजाने आकडा भरण्याची मुभा कोणासही देऊ नये.

गावात किंवा शेजारी स्वयंचलित केंद्र असल्यास महिन्यातून एकदा विद्यार्थ्यांसह ते पाहावे. कुंपणाबाहेरूनही पुष्कळ कळते : पॅनेलवर झाडाची सावली आली आहे काय, अँटेना वाकली आहे काय, नरसाळ्यावर पक्षी बसतात काय. कुंपणाच्या आत जाऊ नये व यंत्रास हात लावू नये. शाळेची वही व केंद्राचा आकडा यांत वरचेवर मोठी तफावत दिसल्यास दिनांक व दोन्ही आकडे लिहून तहसील कार्यालयास कळवावे. पूरस्थितीत वाट न पाहता जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षास १०७७ या क्रमांकावर वर्दी द्यावी.

मुरबाड व शहापूरच्या डोंगराळ भागात दोन यंत्रांमधील अंतर मोठे असते व रेंज अपुरी असते. तेथे मोडेम मुका झाला, तर त्या भागातील पावसाची साक्ष देणारी दुसरी नोंद बहुधा शाळेच्या वहीतच सापडेल. ती वही नियमित असेल आणि तिच्यात शून्याच्या जागी शून्य व रेघेच्या जागी रेघ असेल, तरच ती साक्ष ग्राह्य ठरेल. विद्यार्थ्यांस ही सवय सातवीपर्यंत लागली, तर या पाठाचे काम झाले असे समजावे.